सवाईला जाताना शाल विसरू नका

पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो. दुपारी मांडवात चक्क उकडतं, म्हणून लोक स्वेटर घरीच ठेवतात. मग रात्री आठनंतर जमिनीतून गारठा वर येतो आणि पाठ आखडते. भारतीय बैठकीवर बसणार असाल तर शाल, पायमोजे आणि चौपदरी घडी घातलेली जुनी चादर न्याच. चपलांना कापडी पिशवी. चहाला जायचं तर एक कलाकार उठून दुसऱ्याचे तानपुरे लागेपर्यंतच्या वेळात जा. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू झाल्यावर मात्र कृपा करून उठू नका, शेजाऱ्याची लागलेली तंद्री मोडते हो!