दुधी काचेची दारे निवडताना: मुंबईतील घरांसाठी

मुंबईतील बहुतेक फ्लॅटमध्ये उजेड दोन टोकांनी येतो; एकीकडे हॉलची खिडकी असते, दुसरीकडे बेडरूमची किंवा स्वयंपाकघराची, आणि या दोहोंमधल्या पॅसेजमध्ये भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. घराचे नूतनीकरण काढले की जुन्या फ्लश दारांच्या जागी दुधी काचेची, म्हणजे फ्रॉस्टेड ग्लासची दारे बसवावीत असा विचार त्यामुळेच पुढे येतो, आणि तो योग्यही आहे. दार बंद असतानाही खोलीतला उजेड पॅसेजपर्यंत पोहोचतो आणि लहान घर कोंदट वाटत नाही. मात्र एकच काच सगळ्या दारांना चालत नाही. बाथरूमला जी योग्य ती बेडरूमला योग्य असेलच असे नाही, आणि दुकानातल्या झगमगीत दिव्यांखाली जी काच मनात भरते ती घरात, संध्याकाळी सात वाजता, अगदी वेगळी दिसते. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, विक्रेत्याकडून निदान फूटभर लांबीरुंदीचा नमुना मागून घ्यावा, तो प्रत्यक्ष दाराच्या जागी धरून एकदा दिवसा आणि एकदा रात्री पाहावा, आणि त्यानंतरच ऑर्डर द्यावी.

नमुना पाहायचा कसा, हेही सांगितले पाहिजे. काचेचा पृष्ठभाग बारीक खडबडीत केलेला असतो. त्यावर पडणारा प्रकाश सरळ पार न जाता चहूकडे विखुरतो, म्हणून काच दुधी दिसते. प्रकाश फारसा अडत नाही, पुसट होते ती केवळ आकृती. आणि ती किती पुसट होईल हे वस्तू काचेपासून किती दूर आहे यावर ठरते. घरातल्या कोणाला तरी नमुन्यामागे तळहात टेकवायला सांगावा. पाचही बोटे, बोटातली अंगठीसुद्धा ओळखू येते. तोच हात वीतभर मागे नेला की कडा विरघळतात, आणि दोन-तीन फुटांवर नुसता रंगाचा डाग उरतो. आपल्याकडच्या बाथरूममध्ये दार आणि शॉवर यांच्यात अनेकदा दोन फुटांचेही अंतर नसते, हे लक्षात घेतले की नमुना घरी आणण्याचा आग्रह का धरायचा ते पटेल.

रात्रीची परीक्षा त्याहून महत्त्वाची आहे. पॅसेज अंधारात आणि आत दिवा चालू असेल, तर आतील माणसाची सावली काचेवर स्पष्ट उमटते. दिवा दारासमोरच्या भिंतीवर असेल तर माणूस दिवा आणि काच यांच्या मध्ये येतो आणि आकृती ठळक होते. तोच दिवा आतल्या बाजूने दाराच्या चौकटीवर घेतला तर ती बरीच सौम्य होते. विजेचे पॉइंट भिंतीत बुजवण्यापूर्वीच हा निर्णय घ्यावा, कारण टाइल बसल्यानंतर पॉइंट हलवणे म्हणजे पुन्हा तोडफोड. एवढे करूनही मन निःशंक होत नसेल, तर खालचे चार-साडेचार फूट लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या पॅनेलचे आणि केवळ वरचा भाग काचेचा असे दार घ्यावे. एकत्र कुटुंबात, जेथे आजी-आजोबांपासून सुनांपर्यंत सर्वजण एकच पॅसेज वापरतात, तेथे मी हाच पर्याय सुचवेन.

काच दुधी करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि किमतीतला मुख्य फरक तेथूनच येतो. अॅसिडने कोरलेली काच हाताला रेशमासारखी गुळगुळीत लागते, तिच्यावर बोटांचे डाग कमी दिसतात आणि ती पुसायला सोपी असते. ती सँडब्लास्ट केलेल्या काचेपेक्षा महाग पडते, परंतु रोज हात लागणाऱ्या दारासाठी हा खर्च सार्थकी लागतो. सँडब्लास्टमध्ये दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरवडतात. स्टेन्सिल लावून त्यावर जाळी, पट्टे किंवा नक्षी काढता येते आणि काम आपल्या भागातल्या काचवाल्याकडेही होते, पण हा पृष्ठभाग तेलकट बोटांचे ठसे धरून ठेवतो. तिसरा मार्ग साध्या काचेवर फ्रॉस्टेड फिल्म चिकटवण्याचा; तो सर्वांत स्वस्त, भाड्याच्या घरासाठी सोयीचा आणि काढून टाकता येण्याजोगा आहे, मात्र ओलसर जागी फिल्मच्या कडा सुटतात. फिल्म लावल्याने साधी काच सुरक्षित झाली असे मात्र मुळीच समजू नये. चौथा प्रकार दोन काचांमध्ये पांढरा पातळ थर दाबून बनवलेल्या लॅमिनेटेड काचेचा. तिच्या दोन्ही बाहेरच्या बाजू गुळगुळीत राहतात आणि फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात, त्यामुळे लहान मुलांच्या खोलीला ती उत्तम.

सँडब्लास्ट काचेच्या बाबतीत आमच्या विलेपार्ल्याच्या घरी झालेली चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. कारागिराने बाथरूमच्या दाराची खरवडलेली बाजू आत घेतली, आणि आम्हीही ती कोणत्या बाजूला हवी हे विचारले नाही. पहिल्याच सकाळी पाण्याचे शिंतोडे उडाले आणि जेथे जेथे काच भिजली तेथे ती जवळपास पारदर्शक झाली. ओघळांच्या रेषांमधून आतला नळ आणि बादलीचा लाल रंग पॅसेजमधून स्वच्छ दिसू लागला. कारण सरळ आहे. खडबडीत पृष्ठभागाच्या खळग्यांत हवा असते तोवर प्रकाश विखुरतो. तेथे पाणी भरले की, पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, हवेपेक्षा काचेच्या बराच जवळचा असल्याने, प्रकाश सरळ पार जातो. काचेत बिजागरांसाठी कापलेल्या खाचा, म्हणजे कट-आउट, एका बाजूच्या असल्याने काच उलटी करता आली नाही आणि शेवटी ती नवीन घ्यावी लागली. म्हणून ऑर्डरच्या कागदावर ‘दुधी बाजू कोरडीकडे’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. स्वयंपाकघराच्या दारालाही हाच नियम लावावा, कारण फोडणीच्या वाफेतले तेल खरवडलेल्या बाजूवर बसले की ते नुसत्या फडक्याने निघत नाही.

आता सुरक्षिततेविषयी, आणि येथे तडजोड करू नये. दारासाठी काच टफन्ड किंवा लॅमिनेटेडच असली पाहिजे. टफन्ड काच भट्टीत सहाशेहून अधिक अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. ती त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत असते आणि फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होता बोथट, ज्वारीच्या दाण्यांसारखे कण होतात. भारतीय मानक ब्युरोचे त्यासाठीचे मानक आयएस 2553 (भाग 1) हे आहे. काचेच्या कोपऱ्यात पुसले न जाणारे चिन्ह असते. काच घरात आल्यावर, ती बसवण्यापूर्वी, हे चिन्ह स्वतः पाहावे. ‘टफनच आहे’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि तिच्यावर नंतर सँडब्लास्ट करणेही धोक्याचे असते. म्हणून आधी दुधी करून, मग टफन करण्याचा क्रम विचारून घ्यावा. क्वचित काचेतल्या सूक्ष्म निकेल सल्फाइडच्या कणामुळे टफन्ड काच कोणाचाही धक्का न लागता फुटू शकते. मोठ्या, बिनचौकटीच्या दारासाठी हीट-सोक चाचणी झालेली, म्हणजे कारखान्यातच पुन्हा तापवून अशी सदोष काच आधीच फुटू दिलेली, काच मिळते का, हे म्हणूनच जरूर विचारावे.

जाडी ठरवताना वजनाचा हिशेब करावा. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो असते. 7 फूट उंच आणि अडीच फूट रुंद दार सुमारे 1.6 चौरस मीटरचे होते. म्हणजे 6 मिलिमीटरच्या काचेचे वजन जवळपास 24 किलो, 10 मिलिमीटरचे 40 किलो, आणि 12 मिलिमीटरचे 49 किलोच्या आसपास. अॅल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये किंवा लाकडी शटरमध्ये चारही बाजूंनी बसवलेली काच 5 ते 6 मिलिमीटरची पुरते. बिनचौकटीच्या दाराला 10 ते 12 मिलिमीटर लागते. एवढे वजन सरकत्या दाराच्या वरच्या पट्टीवर टांगायचे असेल, तर ती पट्टी बीममध्ये किंवा लिंटेलमध्ये, म्हणजे दारावरच्या काँक्रीटच्या आडव्या तुळईत, पक्की बसते आहे ना, हे पाहावे. साडेचार इंची पोकळ ब्लॉकच्या भिंतीत नुसते प्लग मारून ती टांगू देऊ नये.

माप घेण्याची वेळ हा विषय लोक हलका समजतात. लादी, भिंतीची टाइल आणि उंबरा बसून झाल्यावरच टफन्ड काचेचे अंतिम माप घ्यावे, कारण नंतर एक सूतही कमी करता येत नाही. जुन्या इमारतींत भिंती ओळंब्यात नसतात. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, उंची दोन्ही बाजूंनी मोजावी, कर्णही ताडून पाहावेत आणि सर्वांत लहान माप धरून त्यातून फटीसाठी जागा सोडावी. बिल करताना अनेक विक्रेते माप पुढच्या 3 किंवा 6 इंचांपर्यंत वाढवून चौरस फुटाचा दर लावतात. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे आणि भोके, कट-आउट, कडांचे पॉलिश यांचे पैसे वेगळे आहेत का, हे दर ठरवतानाच विचारावे.

दार उघडण्याची पद्धत जागेवरून ठरते. सरकते दार जागा वाचवते हे खरे, पण ते सरकून जेथे जाते त्या भिंतीवर स्विचबोर्ड, कॅलेंडरचा खिळा किंवा कपाट असता कामा नये. सरकत्या दाराच्या कडेला फट राहते, म्हणून काच दोन्ही बाजूंनी भिंतीवर निदान दोन इंच चढेल एवढी रुंद घ्यावी. खालची पट्टी टाळून वर टांगलेले दार घेतलेले बरे, कारण खालच्या खाचेत कचरा आणि पाणी साचते. आवाज अडवणे हा हेतू असेल तर मात्र सरकते दार घेऊ नये. आवाज येतो तो मुख्यतः फटींतून, आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या खोलीला चारही बाजूंनी रबरी गॅस्केट असलेले बिजागरी दारच हवे.

समुद्राच्या हवेत हार्डवेअरची खरी कसोटी लागते. वरळी, दादर, वर्सोवा अशा किनाऱ्याजवळच्या भागांत 304 ग्रेडच्या स्टीलवरही तांबूस डाग येऊ शकतात. 316 ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते खारट हवेला अधिक तोंड देते. मुलामा दिलेली स्वस्त हँडले बाथरूममध्ये लवकर फोड धरतात. लाकडी चौकट घ्यायचीच असेल तर ती पावसाळ्यात फुगते, हे गृहीत धरून फट ठेवावी.

बाथरूमबाबत एक इशारा मी ठासून देईन. आत पाइप गॅसचा किंवा सिलिंडरचा गीझर असेल, तर चारही बाजूंनी बंद होणारे काचेचे दार बसवण्याआधी तो गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हलवावा. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. विजेचा गीझर असला तरी ओल जाण्यासाठी एक्झॉस्ट पंखा आणि दाराखाली अर्ध्या इंचाची फट ठेवावी. निगेचे म्हणाल तर महापालिकेचे तलावांचे पाणी मृदू असल्याने डाग कमी पडतात. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या सोसायटीत मात्र आंघोळीनंतर काच पुसण्याची सवय लावून घ्यावी लागते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते. संडास धुण्याचे अॅसिड काचेच्या चौकटीजवळ नेऊ नये, त्याने अॅल्युमिनियम आणि स्टील दोन्ही खराब होतात.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवावे आणि कामाच्या वेळा विचारून घ्याव्यात. दाराची रुंदी वाढवण्यासाठी भिंत तोडायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय हातोडा लावू देऊ नये. 7 फुटांची काच बहुतेक वेळा लिफ्टमध्ये मावत नाही. ती जिन्याने वर न्यावी लागते आणि मजल्यागणिक मजुरी वाढते, म्हणून तो आकडा दरपत्रकात आधीच लिहून घ्यावा. जिन्याच्या वळणावर काचेचा कोपरा कठड्याला घासू देऊ नये, कारण टफन्ड काच मध्यभागी ठोसा सोसते, पण कोपऱ्यावरचा लहानसा घावही तिला पुरतो. वर आल्यावर ती थेट लादीवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर उभी ठेवावी आणि चारही कोपरे बोट फिरवून तपासावेत. टवका उडालेली काच तेथूनच परत पाठवावी. बसवून झाल्यावर सिलिकॉन पुरते सुकेपर्यंत, निदान एक दिवस, दाराला पाणी लागू देऊ नये. शेवटचा हप्ता त्या दिवशीच देऊन टाकू नये. रात्री आतला दिवा लावून, पॅसेजमधला मालवून, घरातल्या एकाला आत उभे करून बाहेरून पाहावे, दार दहा वेळा उघडून मिटवून पाहावे, आणि मग सकाळी पैसे द्यावेत.