हजेरी लागली, पण आजी घोरत होत्या: उपक्रमांच्या नोंदीतल्या या चुका टाळा

वृद्धाश्रमात संध्याकाळचं भजन आटोपलं की वहीत ओळीने बरोबरच्या खुणा पडतात. बावीस जण बसले होते, बावीस खुणा. त्यांतले चौघे घोरत होते, सहा जणांची व्हीलचेअर कोणीतरी ढकलत आणली होती आणि एक आजी टाळ घेऊन खणखणीत गात होत्या. वहीत मात्र सगळे सारखेच.

खुणेऐवजी अक्षर लिहा. स्वतःहून भाग घेतला तर 'स्व', मदतीने घेतला तर 'म', नुसतं बसून ऐकलं तर 'ऐ', डोळा लागला तर 'झो'. (ऐकणाऱ्यांना कमी लेखू नका, काहींना तेवढंच हवं असतं.)

खरा घोळ रिकाम्या चौकोनाचा. आजोबा 'नको' म्हणाले? दवाखान्यात होते? त्याच वेळी त्यांची अंघोळ चालली होती? की कोणी बोलावलंच नाही? महिन्याने लेक विचारते, "बाबांना कशात घेत नाही का?" आणि आपण वही चाळत बसतो. म्हणून रिकाम्या जागेचं कारण लिहा, नकार असेल तर त्यांच्याच शब्दांत. आमच्याकडचे एक आजोबा अचानक पत्त्यांना येईनासे झाले. "डोळ्यांवर ऊन येतं," एवढंच कोणीतरी टिपून ठेवलं होतं. टेबल खिडकीपासून हलवलं, आजोबा परत आले.

आठवड्याची वही शनिवारी आठवून भरू नका. ती नोंद नसते, अंदाज असतो.

गटात न येणारे 'सहभाग शून्य' ठरतात, हेही चूकच. खोलीत पेपर वाचणं, जप, रेडिओ यांनाही रकाना हवा. अंथरुणाला खिळलेल्या आजींशी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या तर त्याही लिहा.

आवडच माहीत नसेल तर सहभाग कशाशी ताडून बघणार? अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, दीर्घकाळ राहण्याचं शुश्रूषागृह. तिथल्या सरकारी मूल्यमापनात राहणाऱ्यांनाच विचारतात: पुस्तकं, संगीत, प्राणी, बातम्या, चारचौघांत मिसळणं, चांगल्या हवेत बाहेर जाणं, धार्मिक कार्यक्रम यांतलं तुम्हाला काय किती महत्त्वाचं? ही यादी खुशाल उचला. प्रवेशाच्या वेळीच विचारा.

आणि रोज गाणाऱ्या आजी तीन दिवस 'झो' दिसल्या, तर 'कंटाळल्या असतील' म्हणून सोडून देऊ नका. श्रवणयंत्राची बॅटरी बघा, चष्मा बघा, पोट साफ होतंय का विचारा, नवं औषध सुरू झालंय का पाहा. लघवीचा संसर्ग म्हातारपणी कधी कधी तापाशिवाय, नुसत्या सुस्तीने किंवा गोंधळलेपणाने कळतो. एकाएकी असा बदल दिसला तर पहिल्याच दिवशी नर्सला सांगा, आणि डॉक्टर फेरीला आले की औषधांच्या फाइलशेजारी ही वहीही ठेवा.