धरणावर नवीन लागलात? गेटच्या आधी पाणीपातळीची पट्टी वाचायला शिका

जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणून जॉइन झालो तेव्हा मला वाटायचं पूरनियंत्रण म्हणजे गेट वर करायचं नि खाली घ्यायचं. ते आठवड्याभरात येतं हो, आणि ऑर्डर तर वरूनच येते. आपलं काम म्हणजे त्या ऑर्डरसाठी लागणारा येवा, म्हणजे धरणात किती पाणी येतंय ते, सांगणं, आणि तो कुठल्या मीटरवर दिसत नाही, काढावा लागतो.

माझं धरण छोटं होतं, म्हणून हिशोब कोयनेवर सांगतो. समजा २४ तासांत साठा ३ टीएमसीनं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वाढला आणि धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) पाणी बाहेर जात होतं. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिलं की १ टीएमसी, हा एक आकडा पाठच करून टाका. म्हणजे ३४,७२२ अधिक २१००, येवा झाला साधारण ३६,८०० क्युसेक. पश्चिमेला कोकणात पोफळीकडे वीजनिर्मितीला पाणी जात असेल तर तेही यात मिळवायचं, नवीन माणूस हे हमखास विसरतो.

दिवसाचा हिशोब सरळ येतो, पण पाऊस चढला की दर तासाला आकडा मागतात आणि तिथं खरी मजा आहे. कोयना भरत आली की पाणी जवळपास ११५ चौरस किमीवर पसरलेलं असतं, तिथं पट्टी ०.१ फूट चुकली तर साठ्यात ०.१२ टीएमसीचा फरक, आणि तासाच्या येव्यात ३० हजार क्युसेकच्या वर! पहिल्याच पावसाळ्यात मी रात्री दोनला टॉर्च घेऊन गेलो, वारं सुटलेलं, लाटा पट्टीवर आपटत होत्या, वरचा आकडा घेऊन आलो नि येवा एकदम दुप्पट निघाला. घाबरून डेप्युटी साहेबांना फोन लावला.

"वर पाऊस वाढलाय का?"

"नाही साहेब."

"मग पाणी कुठनं आलं? जा परत, पाच वेळा बघ आणि सरासरी घे."

दुसरी गोष्ट आरओएस, म्हणजे कुठल्या तारखेला पातळी किती ठेवायची त्याचं वेळापत्रक. जुलैत पाणी सोडून जागा मोकळी ठेवायला जिवावर येतं, कारण पुढं पाऊस गेला तर शेतकरी आपल्यालाच विचारणार. पण ऑगस्टच्या सुरुवातीला धरण ९५ टक्के भरलं की पेपरात आनंद आणि आमच्या पोटात गोळा, आता येईल तेवढं पाणी सोडण्याशिवाय हातात काही उरत नाही. (राधानगरीला तर स्वयंचलित दरवाजे आहेत, पातळी गाठली की आपोआप उघडतात, ऑर्डरची वाट बघत नाहीत.)

आणि फक्त आपलं धरण बघू नका. कराडला कोयना कृष्णेला मिळते, पुढं सांगलीत आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. धरणाच्या खाली जो मुक्त पाणलोट आहे, म्हणजे ज्या भागाचं पाणी धरणात न येता थेट नदीत जातं, तिथला पाऊस कुठलंच गेट अडवत नाही, म्हणून खाली नदी फुगलेली असताना आपला विसर्ग थोडे तास धरता आला तर धरायचा, पण त्यासाठी आधी जागा ठेवलेली पाहिजे ना.

विसर्ग वाढवायच्या आधी भोंगा असतोच, तरी काठावरच्या पाण्याच्या मोटारी आणि जनावरं हलवायला लोकांना वेळ लागतो, म्हणून फोन लवकर करा. पोलीस पाटलांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, लाइट आणि रेंज दोन्ही नेमकी त्याच रात्री जातात.