जुन्या लोखंडी रंध्याचे सुटे भाग शोधताना

इंदूरच्या जुन्या बाजारात लोखंडी रंधा स्वस्तात मिळतो. परंतु त्याचा एखादा स्क्रू हरवलेला असतो आणि माहितीपत्रक तर सोबत नसतेच.

प्रथम रंध्याच्या पुढच्या गोल मुठीजवळ ओतलेला क्रमांक रॉकेलने पुसून वाचावा. तो पुसट असेल, तर पात्याची रुंदी मोजावी : स्टॅनले कंपनीच्या ४ व ५ क्रमांकांच्या रंध्यांचे पाते २ इंची, तर ६ व ७ क्रमांकांचे २⅜ इंची असते. रेकॉर्ड कंपनीचा ०४ हा स्टॅनलेच्या ४ क्रमांकाच्याच घडणीचा असल्यामुळे एकाचे माहितीपत्रक मिळाले, तरी दुसऱ्याची जुळणी त्यावरून समजते.

स्क्रू आणण्यासाठी इंदूरच्याच सियागंज बाजारात जाताना त्याच रंध्याचा शाबूत स्क्रू नमुन्यादाखल न्यावा. स्टॅनलेच्या मुठींच्या स्क्रूला इंचाला २० आटे असून त्याची जाडी सुमारे साडेपाच मिलिमीटर असते, म्हणून दुकानातला ६ मिलिमीटरचा स्क्रू ‘जवळपास बसतो’ असे वाटले, तरी तो जोर लावून पिळू नये; ओतीव लोखंडातले आटे एकदा बिघडले, की रंधाच निकामी होतो.

माझ्या मते, त्याच क्रमांकाचा तडा गेलेला रंधा भंगारातून घेऊन त्याचे भाग वापरणे अधिक सोयीचे पडते.