खुब्याच्या तपासणीला निघण्याआधी

आमच्याकडं खुब्याचं ऑपरेशन कसलंही झालेलं असो, गावात त्याला "आत रॉड घातलाय" असंच म्हणतात. त्यामुळं आधी आत नेमकं काय आहे ते शोधून काढा. पडून हाड मोडलं आणि खिळा किंवा स्क्रू मारला असेल, तर पुढची भानगड तुमची नाही. नुसता मांडीच्या हाडाचा गोळा बदलला असेल तरी नाही. गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी दोन्ही नवी असतील, तरी बहुतेकांच्या वाटीला आतून प्लॅस्टिक किंवा सिरॅमिकचं अस्तर असतं. घोर आहे तो धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरतो त्या सांध्यांचा. घासून घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटतात, आजूबाजूचं मांस खराब होतं, काही धातू रक्तात उतरतो.

डेप्यू कंपनीचा एएसआर हा असाच सांधा. पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा जणांना तो पुन्हा बदलावा लागत होता, म्हणून 24 ऑगस्ट 2010 ला कंपनीनं तो जगभरातून परत मागवला. माझ्या आत्तीला (आत्याला) हे सांगितलं तर तिनं पहिला प्रश्न केला, "मग आता पाय परत द्यायचा काय?" तसं नसतं. न वापरलेला माल दवाखान्यांकडून परत जातो आणि ज्यांच्या अंगात आहे त्यांच्यावर लक्ष ठेवायचं असतं. भारतात साधारण 4,700 ऑपरेशनं या सांध्याची झाली आणि त्यातले साडेतीन हजारांहून जास्त पेशंट पुढं सापडलेच नाहीत. पत्ते बदलले, कागद गेले.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ कागदांना द्या. आत्तीचं ऑपरेशन 2008 सालचं, पुण्याच्या एका खाजगी दवाखान्यातलं. तिथं फोन केला तर "एवढं जुनं रेकॉर्ड नाही" म्हणून मोकळे झाले. कागद मागितल्यावर 72 तासांत द्यायचा नियम आहे, पण जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं, मग भांडणार कशाच्या जोरावर? शेवटी खानापूरच्या घरात गादीखाली एक्स-रेची पाकिटं निघाली. पावसाच्या ओलीनं दोन फिल्म एकमेकींना चिकटलेल्या. डिस्चार्ज कार्डाच्या मागं मात्र तीन छोटे पांढरे स्टिकर होते, एकाचा कोपरा उचकटलेला. त्यावर कंपनीचं नाव, आरईएफ (म्हणजे मॉडेल) पुढं एक नंबर, एलओटी (म्हणजे बॅच) पुढं दुसरा आणि गोळ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. बिलावर नुसतं "इम्प्लांट" लिहिलेलं असतं, त्याचा काही उपयोग नाही. हे स्टिकर सोलायला जाऊ नका. उजेडात फोटो काढा, दोघा-तिघांच्या मोबाईलवर पाठवा आणि नंबर वहीत हातानंही उतरवा.

सीमाभागातली आपली एक खास अडचण आहे. जुन्या कार्डावर गाव "बेळगाव", 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांवर "बेळगावी". रेशन कार्ड कानडीत, त्यात नावापुढं "बाई", आधारवर ती नाही. तपासणीला कोण अडवत नाही, पण कुठं तक्रार किंवा दावा करायची वेळ आली तर अशा फरकावरच घोडं अडतं. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

आठ-दहा दिवस वहीत दुखण्याची नोंद करा. जांघेत दुखतं का, खुब्याजवळ सूज किंवा गाठ लागते का, चालताना टकटक वाजतं का, पाय ओढत चालावं लागतं का. ऐकू कमी येणं, नजर मंद होणं, छातीत धडधड हेही लिहा, कारण रक्तात कोबाल्ट फार वाढला तर असं होऊ शकतं. किडनी कमजोर असेल तर ते पहिल्यांदा सांगा, कोबाल्ट लघवीवाटे बाहेर जातो. आणि धातूवर धातू असेल तर "मला काही दुखत नाही" म्हणून घरी बसू नका. दुखण्याआधीही आत खराबी सुरू झालेली असू शकते.

कोबाल्ट-क्रोमियमची रक्ततपासणी नेहमीची नव्हे. नमुन्याला धातूविरहित वेगळी ट्यूब लागते, म्हणून लॅबला आदल्या दिवशी फोन करून विचारा. ब्रिटनच्या नियामकांनी लिटरमागं 7 मायक्रोग्रॅमची रेघ धरली होती. त्यावर आकडा आला तर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. एमआरआय सांगितला तर धातू आत आहे हे आधी सांगा, त्यांना मशीनची सेटिंग बदलावी लागते.

मिरज-कोल्हापूरला जायचं असेल तर रेल्वे बरी. सीमावादावरून वातावरण तापलं की एसट्या सीमेवरच्या कोगनोळीपाशी थांबतात आणि काठी घेऊन उतरायची पाळी येते. सोबत एक जाड उशी घ्या, खोल सीटवर बसून गुडघे खुब्याच्या वर जाऊ देऊ नका.

भरपाईचं सूत्र केंद्रानं 2018 मध्ये एएसआरपुरतं ठरवलं, ते पुढं दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. स्टिकरवरचा नंबर एएसआरशी जुळल्याशिवाय वकील गाठू नका. सांध्यामुळं त्रास झाल्याची तक्रार मात्र कुठल्याही कंपनीच्या सांध्याबद्दल 1800-180-3024 वर फुकट करता येते.

आत्तीचा गोळा धातूचा निघाला, वाटीचं अस्तर प्लॅस्टिकचं. तरी ते कार्ड आता गादीखाली नाही, तिच्या पासबुकात आहे.