सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे का, हे गावात जाऊन कसं तपासावं

सुरुवात माणसांपासून करा. विदर्भातल्या ग्रामपंचायतीत राउटर, भारतनेटचा (गावोगावी इंटरनेट पोहोचवणाऱ्या सरकारी योजनेचा) डबा आणि कॉम्प्युटर बहुधा संगणक परिचालकच सांभाळतो. दाखले काढता काढता नेट गेलं की धावपळही त्याचीच. तपासणीसाठी असे पाच जण निवडा. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचे अभ्यासक याकोब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार पाच जणांतच बहुतेक मोठ्या अडचणी दिसून येतात. मात्र हे पाचही जण एकाच प्रकारचे हवेत. तालुक्याचा नेटवर्क इंजिनिअर हा वेगळा गट. त्याची तपासणी स्वतंत्र करा.

वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना कोणाला बोलावू नका. ग्रामसभेच्या आसपासचे दिवसही टाळा. एप्रिल-मे मध्ये गेलात तर सकाळी लवकर बसा.

आता काम ठरवा, आणि इथे घाई करू नका. सगळं सुरळीत असताना सर्व्हरकडे, म्हणजे इतर कॉम्प्युटरना माहिती पुरवणाऱ्या यंत्राकडे, कोणी ढुंकून पाहत नाही. म्हणून बिघाडच समोर ठेवा. ‘राउटर रीस्टार्ट करा’ असं लिहून दिलंत तर बटणाचं नाव तुम्हीच सांगून मोकळे होता. त्याऐवजी म्हणा, ‘सकाळपासून दाखले निघत नाहीत, बाहेर लोक थांबलेत. काय झालंय ते शोधा.’ बिघाड चालू यंत्रणेवर कधीच करू नका. जास्तीचा राउटर आणि लॅपटॉपवरचा व्हर्च्युअल सर्व्हर (सॉफ्टवेअरने उभा केलेला नकली सर्व्हर) सोबत न्या.

एक प्रसंग नक्की ठेवा: लाइट जाऊन परत येणं. राउटरचे दिवे लागतात, पण सर्व्हर अजून सुरू होत असतो. स्क्रीन काळी, मजकूर काहीच नाही. समोरचा माणूस थोडा वेळ वाट पाहतो आणि पॉवरचं बटण दाबून धरतो. डिस्कवर लिहिणं चालू असेल तर डेटा खराब व्हायची भीती इथेच असते. ‘सुरू होत आहे, बंद करू नका’ एवढी एक ओळ तिथे असती तर तो थांबला असता. मला अशा जागा शोधणं हेच या कामाचं सार वाटतं.

बसण्यापूर्वी स्पष्ट सांगा: परीक्षा सॉफ्टवेअरची आहे, तुमची नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) त्या वेळेपुरतं बाहेर बसण्याची विनंती करा. ते मागे उभे असले की ‘सगळं बरोबर आहे साहेब’ एवढंच ऐकायला मिळतं. रेकॉर्डिंगची परवानगी घ्या. पासवर्ड डायरीत लिहिलेले असतात, तिकडे कॅमेरा नेऊ नका.

मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. क्लेटन लुईस यांनी 1982 मध्ये आयबीएममध्ये असताना ही पद्धत या क्षेत्रात रुजवली. वऱ्हाडीत बोलू द्या. ‘काहून लाल झालं हे?’ हे वाक्य जसंच्या तसं टिपा. ‘हे दाबू का?’ असं विचारलं तर उत्तर देऊ नका. ‘मी इथे नसतो तर काय केलं असतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. हे जड जातं, पण मदत केलीत की अडचण दिसेनाशी होते.

शेवटी, सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं वाटलं हे मोजणारी जॉन ब्रुक यांची 1986 ची दहा विधानांची प्रश्नावली मराठीत भरून घेता येते. गुण 0 ते 100, साधारण सरासरी 68. पण पाच जणांचा आकडा अहवालात मिरवू नका. कोण कुठे अडलं तेच लिहा.

प्रोग्रॅमरला सोबत न्याच. त्याने मागे बसून फक्त पाहायचं. त्याच संध्याकाळी सगळ्यात घातक तीन अडचणी निवडून त्यांची दुरुस्ती कोण, कधी करणार ते ठरवा. बदल झाल्यावर तेच काम नव्या परिचालकाला द्या, कारण आधीच्याला उत्तर माहीत झालेलं असतं.