क्रॉन जॉब लावताना या चुका टाळा

अंधेरीच्या ऑफिसात रात्रीचे जॉब, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारी कामं, माझ्याकडे आहेत. पहाटे फोन आला की मी आधी वेळापत्रक उघडते, कोड नंतर. क्रॉन हा युनिक्स-लिनक्सवरचा वेळापत्रक पाळणारा प्रोग्रॅम; त्याचं काम एवढंच की वेळ झाली, आज्ञा चालवली. १९७९ च्या युनिक्समध्येही ते हेच करत होतं. त्याच्याकडून याहून जास्त मागायला गेलं की घोळ होतो.

सगळ्यात महागात पडते ती घड्याळाच्या भरवशावर बांधलेली साखळी. डेटा १ वाजता ओढायचा, रिपोर्ट २ वाजता काढायचा. एरवी पहिलं काम २० मिनिटांत उरकतं, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. महिनाअखेरीला तेच सव्वा तास चालतं आणि रिपोर्ट अर्धवट डेटावर निघतो. एररही येत नाही. आमच्याकडे असं झालं तेव्हा रिपोर्ट ३ वाजता ढकलला गेला आणि पुढच्या मार्चअखेरीला पुन्हा तेच. दोन्ही कामं एकाच स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाइलमध्ये, एकामागून एक घाला. पहिलं नीट संपलं तरच दुसरं सुरू. क्रॉनमध्ये ओळ एकच.

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर मुंबईतला रात्रीचा १ म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे १९:३०. अर्धा तास विसरणारे पुष्कळ, पण खरी गोची १ तारखेच्या जॉबची. आपल्याकडे १ तारीख लागलेली असते, सर्व्हरवर अजून २८, २९, ३० किंवा ३१. त्यासाठी महिन्यांच्या याद्या करत बसू नका. जॉब रोज लावा, आणि मुंबईची तारीख १ नसेल तर स्क्रिप्टनं तिथूनच परत फिरावं.

‘पहिला सोमवार’ हवा म्हणून १ ते ७ तारखा आणि सोमवार दोन्ही लिहाल, तर क्रॉन ‘किंवा’ धरतं: सातही दिवस चालेल, शिवाय दर सोमवारी. फक्त तारखा द्या, वार स्क्रिप्टमध्ये तपासा.

हातानं चालतो, क्रॉनमध्ये नाही? बहुधा पाथ, म्हणजे आज्ञा कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी. क्रॉनला तुमच्या टर्मिनलची सेटिंग्ज मिळत नाहीत. आज्ञेचा फोल्डरसकट पूर्ण पत्ता लिहा, आउटपुट फाइलमध्ये वळवा. ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर आज्ञा तिथेच तुटते.

दर ५ मिनिटांचा जॉब ७ मिनिटं घेऊ लागला की दोन प्रती एकाच वेळी त्याच टेबलात लिहितात. ‘फ्लॉक’ ही कुलूप लावणारी आज्ञा; तिला ‘-एन’ देऊन तिच्यामार्फत जॉब चालवा. आधीची प्रत सुरू असेल तर नवी मुकाट्यानं बंद होते.